कुरुबूरची चैत्रा

खो-खो हा आपल्या मातीतला खेळ. त्याला ना महागडी साधने लागतात, ना हिरवळ; दोन खांब नि सपाट जमीन पुरे. म्हणूनच आमच्या बिदर-कलबुर्गीकडील खेडोपाडीच्या शाळांत तो अजून टिकून आहे. याच खेळाने म्हैसूर जिल्ह्यातील कुरुबूर गावची शेतकऱ्याची लेक बी. चैत्रा हिला दिल्लीस नेले. जानेवारी २०२५ मध्ये तेथे पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे नमविले, आणि त्या सामन्यातील सर्वोत्तम खेळाडू ठरली चैत्रा.

पुढची हकिकत मात्र मनाला लागते. महाराष्ट्र शासनाने आपल्या विजयी खेळाडूंना प्रत्येकी २.२५ कोटी रुपये व नोकरी जाहीर केली. कर्नाटकाने ५ लाख. चैत्रा व पुरुष संघातील एम. के. गौतम यांनी ते नाकारले. यात हाव पाहून कोणी नाक मुरडील; मला तसे वाटत नाही. दहावीनंतर मैदान सोडणाऱ्या मुलींचे वडील मला दरवर्षी एकच विचारतात, ‘गुरुजी, खेळून पुढं काय?’