घराशेजारच्या जमिनीवर काय यावं, हे कोण ठरवतं?

बंद पडलेला साखर कारखाना आपल्यापैकी अनेकींच्या ओळखीचा आहे. गंजलेलं फाटक, आत वाढलेलं गवत आणि बाहेर एकच चर्चा: या जमिनीचं आता काय होणार? आज अशाच एका जमिनीची हकीकत सांगणार आहोत. ती आहे अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातली. तिथे साखर कारखान्याच्या जागी कॅसिनो आणायचं ठरलं, आणि समोरच रस्त्यापलीकडे घरांच्या रांगा होत्या. गोष्ट लांबची असली तरी त्यातले प्रश्न आपल्या दारातले आहेत.

कॅसिनो म्हणजे परवाना असलेलं जुगारघर. त्यातला मोठा भाग यंत्रांचा असतो. पैसे टाकायचे, बटण दाबायचं, चित्रं फिरतात; जुळली तर पैसे मिळतात, नाहीतर गेले. फिलाडेल्फिया ज्या राज्यात आहे त्या पेनसिल्वेनियाचा कायदा सांगतो, की यंत्राने एकूण टाकलेल्या रकमेपैकी सरासरी किमान ८५ टक्के खेळणाऱ्यांना परत द्यायला हवेत. ऐकायला बरं वाटतं. पण हिशोब करून पाहू. १०० रुपये टाकले, सरासरीने ८५ परत आले. माणूस तिथेच बसून ते ८५ पुन्हा टाकतो, तर ७२ येतात. ते टाकले की ६१. चौथ्या फेरीला हातात ५२ उरतात. एखाद्याला मोठं बक्षीस लागतं, ते सगळ्यांना दिसतं. बाकीच्यांचं थोडं थोडं गेलेलं कुणाला दिसत नाही. यंत्र फसवत नाही; त्याची रचनाच तशी असते.

आता जमिनीकडे वळू. डेलावेअर नदीच्या काठी फिशटाउन नावाची कामगारांची जुनी वस्ती आहे. तिथला साखर शुद्ध करायचा कारखाना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडला. पुढे इमारती पाडल्या आणि जागा वर्षानुवर्षं मोकळी पडून राहिली.

जुलै २००४ मध्ये राज्याने कायदा करून जुगाराच्या यंत्रांना परवानगी दिली. सरकारचं म्हणणं असं, की आपले लोक शेजारच्या राज्यात जाऊन पैसे घालवतात, ते इथेच राहू देत. यंत्रांच्या कमाईतला निम्म्याहून जास्त भाग करात घ्यायचा आणि त्यातून लोकांची घरपट्टी कमी करायची, असंही ठरलं. घरपट्टी कमी होणार म्हटल्यावर विरोध कोण करणार? शिवाय त्या वेळी जागा ठरलेल्या नव्हत्या. प्रत्येकाला वाटलं, कॅसिनो दुसरीकडे कुठेतरी येईल.

जागा ठरल्या डिसेंबर २००६ मध्ये. राज्याच्या जुगार नियंत्रण मंडळाने फिलाडेल्फियात दोन कॅसिनोंना परवाने दिले. एक या साखर कारखान्याच्या जागेवर, त्याचं नावच ‘शुगरहाउस’. दुसरा नदीकाठीच दक्षिणेला, ‘फॉक्सवूड्स’.

वस्तीत दोन तट पडले, आणि दोन्ही बाजूंना खरोखर मुद्दे होते.

बाजूने बोलणारे म्हणाले, जागा वीस-पंचवीस वर्षं ओसाड आहे. कारखाना गेला तेव्हा रोजगार गेला, तो काही प्रमाणात परत येईल. जमीन तशीही उद्योगासाठीच होती. इथे दुसरा कारखाना आला असता तरी ट्रक आलेच असते, धूर आलाच असता.

विरोधातले म्हणाले, कारखाना आणि कॅसिनो एका मापाने मोजू नका. कारखाना माल तयार करतो, तो बाहेर विकतो आणि पैसा वस्तीत आणतो. कॅसिनोची कमाई म्हणजे आलेल्या माणसांनी हरलेले पैसे. ते कुणाच्या तरी घरातूनच येतात. कारखान्यात ठरलेले कामगार ठरलेल्या वेळी येतात. कॅसिनो रात्रंदिवस उघडा, शेकडो गाड्यांची ये-जा, आत दारू. आणि जे जवळ राहतात त्यांना जाणं सोपं, म्हणून त्यांनाच मोह जास्त.

आम्हाला यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात वजनदार वाटतो. घरपट्टीत सूट मिळते ती सगळ्यांना, थोडी थोडी. पण एखाद्या घरातला पगार पहाटेपर्यंत संपतो तेव्हा त्या घरातली बाई किराण्याचं काय करते, ते कुठल्याही हिशोबाच्या कागदावर येत नाही. याच राज्यात पुढे असे प्रकार घडले, की आईबाप किंवा सांभाळणारी माणसं मुलांना गाडीत एकटं सोडून कॅसिनोत खेळायला गेली. जुगार नियंत्रण मंडळाला लोकांना त्याबद्दल जाहीर इशारे द्यावे लागतात. फायदा सगळ्यांत वाटला जातो आणि तोटा काही घरांवर कोसळतो. निर्णय घेताना हे दोन्ही समोर ठेवायला हवं.

विरोध करणाऱ्यांनी साधी मागणी केली: घर, शाळा, प्रार्थनास्थळ यांपासून १,५०० फुटांच्या आत कॅसिनो नको. म्हणजे सुमारे साडेचारशे मीटर, चालत पाच-सहा मिनिटं. हा प्रश्न मे २००७ च्या निवडणुकीत मतपत्रिकेवर घ्यावा म्हणून त्यांनी दारोदार फिरून २० हजारांहून जास्त सह्या गोळा केल्या. नगर परिषदेनेही मान्यता दिली. पण मतदानाच्या काही आठवडे आधी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न मतपत्रिकेवरून काढायला लावला. कारण असं, की जागा ठरवायचा अधिकार राज्याच्या कायद्याने मंडळाकडे दिला होता; शहराचं मतदान त्याच्या आड येऊ शकत नव्हतं.

पुढे नगर परिषदेने जमिनीच्या वापराची मंजुरी लांबवली. डिसेंबर २००७ मध्ये त्याच न्यायालयाने शुगरहाउसच्या बाजूने निकाल दिला. २३ सप्टेंबर २०१० ला तो सुमारे १,६०० यंत्रांनिशी उघडला. दरम्यान, त्याच वर्षाच्या सुरुवातीला राज्याने कायदा बदलून यंत्रांच्या जोडीला पत्त्यांचे आणि टेबलांवरचे जुगारही मंजूर केले होते. आधी यंत्रं, मग टेबलं. एकदा पाय ठेवला की तो पसरतो.

मग विरोध वाया गेला का? तसं नाही. फॉक्सवूड्सला विरोध आणि इतर अडचणींमुळे उशीर होत गेला, तेवढ्यात मंदी आली, कंपनीला पैसा उभा करता आला नाही आणि डिसेंबर २०१० मध्ये मंडळाने परवाना रद्द केला. तो कॅसिनो झालाच नाही. आणि शुगरहाउसच्या शेजारच्या काही रहिवाशांनी कंपनीशी लेखी करार केला, की वस्तीच्या कामांसाठी ठराविक रक्कम द्यायची. काहींना हा करार शहाणपणाचा वाटला, काहींना तो तोंड बंद करणं वाटला. पण जे मिळालं ते कागदावर होतं म्हणून मिळालं.

आता आपल्याकडे येऊ. शेजारच्या गोव्यात कायद्यात बदल करून कॅसिनोंना वाट दिली गेली, आणि पणजीला मांडवी नदीत कॅसिनोच्या बोटी उभ्या राहिल्या. तिथल्याच सरकारने २०२० पासून गोव्यातल्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी अंमलात आणली. म्हणजे कर हवा, पण आपल्या माणसांनी त्यात पडू नये! महाराष्ट्रात १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा झाला होता, तो कधीच लागू झाला नाही. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचा निर्णय घेतला. त्यामुळे आपल्या गावाशेजारी उद्या कॅसिनो येणार नाही. पण दारूचं दुकान येतं, परमिट रूम येते, दगडाचा क्रशर येतो. तेव्हा प्रश्न तोच असतो: हे घरांजवळ असावं का, आणि ते ठरवणार कोण?

दारूच्या बाबतीत आपल्या हाती जे आहे ते फिलाडेल्फियाच्या लोकांकडे नव्हतं. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, तर गुप्त मतदान घेता येतं. हीच ती उभी बाटली, आडवी बाटली. पण एक मेख लक्षात ठेवा. आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात. समजा गावात ६०० महिला मतदार आहेत. सह्या लागतील १५०. मतदानाला ४०० जणी आल्या आणि २९० जणींनी आडवी बाटली केली, तरी दुकान बंद होत नाही. ३०१ मतं हवीत. जी घरी राहिली, तिचं मत उभ्या बाटलीलाच गेल्यासारखं होतं. म्हणून जिंकायचं असेल तर सह्यांच्या दिवशी जेवढी धावपळ करतो, त्याहून जास्त मतदानाच्या दिवशी करावी लागते.

जमिनीच्या बाबतीत वाट वेगळी आहे. गावठाण, शेती, उद्योग असे जमिनीचे वापर कागदावर ठरलेले असतात. आराखड्यात बदल करायचा तर सूचना निघते आणि हरकती मागवल्या जातात, पण त्याला मुदत असते. ती नोटीस पाहिली नाही, तर बांधकाम दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. एमआयडीसीच्या हद्दीत नियोजन एमआयडीसीकडे असतं, तिथे ग्रामपंचायतीचा नुसता ठराव पुरेलच असं नाही. म्हणून आधी विचारा, अधिकार कुणाचा? चुकीच्या दारावर मोर्चा नेला, तर पायपीट होते आणि मुदत निघून जाते.

तुमच्या गटाच्या बैठकीत असा विषय आला, तर हे प्रश्न एकेक करून मांडा.

जमीन आज कागदावर कशासाठी आहे, आणि वापर बदलायचा अर्ज झाला आहे का? माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत अर्ज करता येतो आणि साधारण ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

परवाना कोण देणार, आणि हरकतीची शेवटची तारीख कोणती?

घर, शाळा, अंगणवाडी, पाणवठा किती अंतरावर आहेत? अंदाज नको, मोजून लिहा.

दिवसा काय चालणार आणि रात्री काय? किती गाड्या येणार?

रोजगार किती, कोणाला आणि कायमचा की कंत्राटी?

पैसा कुठून येणार? बाहेरून गावात, की आपल्याच घरांतून?

पाच वर्षांनी हेच वाढून काय होऊ शकतं?

आणि शेवटी, आश्वासन दिलं आहे तर ते लेखी आहे का, सही कोणाची?

या सगळ्याची उत्तरं पाहून गट ‘हो’ म्हणेल किंवा ‘नाही’ म्हणेल. दोन्ही चालेल. प्रत्येक कारखाना वाईट नसतो आणि ओसाड पडलेली जमीनही कुणाचं पोट भरत नाही. पण ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे, ती कागदावर सही करून उरकू देऊ नका. हा विषय तिथे घ्या, मत लिहून घ्या, ठरावाची प्रत मागा आणि ती गटाच्या फाइलमध्ये ठेवा.

फिलाडेल्फियाच्या लोकांनी सह्या गोळा केल्या त्या कायदा होऊन दोन वर्षं उलटल्यावर, जागा ठरल्यावर. त्यांची जिद्द कमी नव्हती, पण अधिकार तोवर दुसऱ्याच्या हातात गेला होता. आपण नोटीस निघते तेव्हाच जागं असायला हवं. पुढच्या बैठकीत एका ताईवर एवढंच काम सोपवा: दर महिन्याला ग्रामपंचायतीचा नोटीस फलक वाचायचा आणि नवं काही दिसलं तर गटाला सांगायचं.