निळ्या दाताची ओळख

(द्वितीय वर्ष, कला)

विज्ञानाचा विद्यार्थी नसताना मी या विषयावर लिहीत आहे याचे काहींना नवल वाटेल. कला शाखेला प्रवेश घेतला तेव्हा यंत्रांशी आपला संबंध संपला, असेच मीही समजलो होतो. परंतु गेल्या दिवाळीत एक प्रसंग असा घडला की, मोबाईल आणि मोटार यांच्यामधल्या न दिसणाऱ्या दोरीची माहिती करून घेणे मला भाग पडले. ती माहिती येथे जशी समजली तशी मांडतो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मालकाच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. भाडे मिळेल तसे पुणे, मुंबई, कोल्हापूर, पंढरपूर असा त्यांचा प्रवास चालतो. शिक्षण चौथीपर्यंत. मराठी पाट्या ते वाचतात, आकडे सगळे कळतात, इंग्रजी अक्षरे मात्र खुणेने ओळखतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. त्यामुळे इंग्रजी छापलेले काहीही घरात आले की, मग ते औषधाचे वेष्टन असो की बँकेचा कागद, ते माझ्यापुढे ठेवले जाते.

मालकांनी जुन्या बाजारातून एक गाडी घेतली. तिच्यात समोर काचेचा पडदा होता. अण्णा त्याला अजूनही ‘टेप’च म्हणतात. मालकांनी बजावले, “गाडी चालवताना फोन हातात दिसता कामा नये.” त्यांचे म्हणणे रास्तच होते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिने गाडी चालवताना हातात धरून मोबाईल वापरणे हे धोकादायक वाहन चालविण्यात धरले आहे. अण्णा मला म्हणाले, “तेवढं टेपाला फोन जोडून दे.”

मी पाच मिनिटांत जोडून दिला. पडद्यावर जे जे प्रश्न आले त्या सर्वांना न वाचता ‘हो’ म्हटले. अण्णांनी शेजाऱ्याला बोलावून कौतुकाने दाखविले.

त्यानंतर चार दिवसांनी अण्णा पुण्याहून एक कुटुंब घेऊन येत होते. खंबाटकी घाटात फोन वाजला. स्टिअरिंगवरचे बटण दाबताच आईचा आवाज गाडीतल्या चारही कर्ण्यांतून आला : “अवं, ऐकलं का? पोराच्या फीची उद्या शेवटची तारीख हाय. मालकाकडं उचल मागितली का न्हाई?” अण्णांना तो आवाज कसा थांबवायचा ते ठाऊक नव्हते, कारण मी ते दाखविलेच नव्हते. आईने सांगायचे ते सगळे सांगून टाकले. उतरताना त्या सद्गृहस्थांनी भाड्यावर पाचशे रुपये जास्त काढले आणि म्हणाले, “मुलाच्या फीसाठी ठेवा.” अण्णांनी हात जोडून ते परत केले. रात्री घरी आल्यावर एवढेच बोलले, “घरातलं बोलणं गाडीभर झालं, बाळा.” मला ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवसापासून मी विचारत सुटलो. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसणारा एक मित्र, ग्रंथालय आणि फोनमधली माहिती, या तिन्हींतून जे हाती लागले ते असे.

या जोडणीला ब्लूटूथ म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ ‘निळा दात’. हे नाव डेन्मार्कच्या एका राजाचे आहे. दहाव्या शतकात होऊन गेलेल्या या हाराल्ड राजाला ‘निळदात्या’ असे टोपणनाव होते. विखुरलेला डेन्मार्क आणि नॉर्वे त्याने एका सत्तेखाली आणल्याचे डेन्मार्कमधील येलिंग येथील शिलालेखात कोरलेले आहे. पुढे १९९४ साली स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत, तारेवाचून दोन उपकरणे जवळून जोडण्याचे काम सुरू झाले. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलू लागावीत म्हणून सर्वांनी एकच रीत ठरवावी, असा विचार निघाला, तेव्हा इंटेल कंपनीच्या जिम कार्डाक यांनी या राजाचे नाव तात्पुरते म्हणून सुचविले. १९९८ मध्ये एरिक्सन, इंटेल, नोकिया, आयबीएम आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी मंडळ स्थापन केले. चांगले नाव पुढे शोधू असे ठरले होते, पण तात्पुरते नावच कायमचे झाले. आपल्याकडे बारशाच्या नावापेक्षा हाक मारायचे नाव टिकते, तसेच हे.

आता ही दोरी कशाची? ती रेडिओच्या लहरींची. आकाशवाणी ज्या जातीच्या लहरींवर ऐकू येते त्याच जातीच्या, पण सेकंदाला सुमारे २४० कोटी कंपने असणाऱ्या. शक्ती फार थोडी, म्हणून पोच साधारण दहा मीटर. या पट्ट्यात गर्दी पुष्कळ असते. घरातले वायफाय तेथेच, मायक्रोवेव्हची भट्टीही तेथेच. मग मोटारीला फोनचेच बोलणे कसे ऐकू येते? युक्ती अशी की, हा पट्टा ७९ अरुंद वाटांत विभागला आहे आणि दोन्ही उपकरणे सेकंदाला १६०० वेळा वाट बदलतात. कोणत्या क्षणी कोणत्या वाटेवर भेटायचे ते दोघांनाच माहीत. एखाद्या वाटेवर गर्दी आढळली तर ती टाळतात. आठवड्याच्या बाजारात दोघे ठरवून या पालातून त्या पालात सरकत बोलत राहिले, तर तिसऱ्याच्या कानावर एखाददुसरा शब्दच पडेल, तसा हा प्रकार आहे.

तथापि वाट ठरविण्यापूर्वी ओळख व्हावी लागते. पूर्वी यासाठी चार आकडी खूण टाकावी लागे, आणि ती बहुधा ‘००००’ किंवा ‘१२३४’ अशी असे. म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक असलेले कुलूप! २००७ पासून नवी रीत आली. फोन आणि मोटार आपापला गणिती भाग एकमेकांना पाठवितात आणि त्यावरून दोघेही स्वतंत्रपणे सहा आकडे काढून आपापल्या पडद्यावर दाखवितात. मध्ये कोणी तिसरा लबाडीने बसला असेल तर दोन्हीकडचे आकडे जुळणार नाहीत. चुकून जुळण्याचा संभव दहा लाखांत एक. म्हणून ते आकडे डोळ्यांनी ताडून पाहिल्यावरच दोन्हीकडे ‘हो’ म्हणायचे असते. मी ते पाहिलेसुद्धा नव्हते.

दोघांनी होकार दिला की एक गुप्त किल्ली तयार होते आणि ती दोघांच्याही स्मरणात राहते. म्हणूनच पुढच्या वेळी गाडी चालू करताच फोन आपोआप जोडला जातो. पुष्कळांची तक्रार असते की, “काल जोडत होता, आज जोडत नाही.” त्याचे एक नेहमीचे कारण येथेच आहे. एका बाजूने किल्ली पुसली गेली आणि दुसरी बाजू जुनीच किल्ली पुढे करीत राहिली, तर दार उघडत नाही. अशा वेळी फोनमधून गाडीचे नाव काढावे, गाडीतूनही फोनचे नाव काढावे आणि ओळख पहिल्यापासून करावी. एकाच बाजूने विसरून भागत नाही. दुसरे कारण म्हणजे गाडीच्या यादीत ठराविकच फोन मावतात. यादी भरली की नवा घेतला जात नाही. तिसरे म्हणजे फोन आधीच दुसऱ्या कशाला तरी जोडलेला असतो. आणि चौथे अगदी साधे : काही गाड्या चालू असताना नवी ओळख करू देत नाहीत, गाडी उभी करून हँडब्रेक ओढावा लागतो.

आता माझी खरी चूक. ब्लूटूथ ही एकच दोरी नसून तिच्यात अनेक पदर असतात. बोलण्याचा पदर वेगळा, गाण्यांचा वेगळा आणि फोनमधली नावे व नंबर गाडीला देण्याचा पदर आणखी वेगळा. प्रत्येक पदर फोनमध्ये स्वतंत्रपणे चालू किंवा बंद करता येतो. गाणी वाजतात पण बोलणे ऐकू येत नाही, अशी अडचण आली तर बोलण्याचा पदर बंद राहिला आहे असे समजावे. मी सर्वच पदर एका दमात चालू केले होते. जोडायचे कसे हे मला कळत होते. जोडल्यावर या दोरीतून काय काय वाहत जाणार, हा प्रश्न मनात आला नव्हता.

पुढच्या रविवारी अण्णा आणि मी अंगणात उभ्या गाडीत बसलो. यादी उघडली तर पहिल्या मालकाच्या घरचे तीन फोन अजून तेथे नावानिशी होते. गाडी विकली, पण ओळखी पुसल्या नव्हत्या. आम्ही त्या पुसल्या, आमचीही पुसली आणि नव्याने आरंभ केला. या वेळी मी बटणांना हात लावला नाही. सहा आकडे आले तेव्हा अण्णांनी फोन पडद्याजवळ धरला, दोन्हीकडचे एकेक आकडे मोठ्याने वाचले आणि मगच ‘हो’ दाबले. नावे देण्याचा प्रश्न आला तेव्हा मी अर्थ सांगितला. ते म्हणाले, “नगं. घरची नावं गाडीला कशाला?” बोलण्याचा पदर मात्र त्यांनी चालूच ठेवला, कारण घाटात फोन हातात धरण्यापेक्षा ते बरे. फोन कट करण्याचे स्टिअरिंगवरचे बटण त्यांनी दहा वेळा दाबून पाहिले. बोलणे पुन्हा फोनवर घेण्याची सोय पडद्यावर असते, तीही दाखविली. मात्र तेव्हा फोन कानाला लावावा लागतो, म्हणून आधी गाडी कडेला घ्यायची, असे आम्ही ठरविले. शिवाय हात मोकळे असले तरी मन बोलण्यात गुंततेच. तेव्हा बोलणे दोन वाक्यांत आवरावे, हेही ठरले.

ब्लूटूथच्या खुणेला अण्णा ‘फुलपाखरू’ म्हणतात. मी त्यांना सांगितले की, ती त्या राजाच्या नावातली दोन आद्याक्षरे आहेत, उत्तरेकडच्या रून नावाच्या प्राचीन लिपीतली, एकात एक गुंफलेली. ते थोडा वेळ खुणेकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हंजे हे मालकालाबी वाचता येत न्हाई?” मी म्हटले, “नाही. आमच्या सरांनाही बहुधा येणार नाही.” अण्णा त्या दिवशी प्रथमच मनापासून हसले.

फी वेळेवर भरली गेली. उचल मिळाली होती. आईला तेवढाच निरोप पोचला नव्हता. आता आईचा फोन आला की पहिले वाक्य ठरलेले असते, “मोकळं हाय का?” अण्णा “भाड्यात हाय” म्हणाले की ती लगेच फोन ठेवते. ही खबरदारी कोणत्याही पडद्यावर नाही, ती आमची आम्हीच बसविली.

आपण शिकलेली मुले घरच्यांसाठी पुष्कळ गोष्टी झटपट ‘करून देतो’ आणि मोकळे होतो. यापुढे करून देण्याआधी मी पडद्यावरचा प्रत्येक प्रश्न मराठीत मोठ्याने वाचतो. होकार ज्याचा त्यानेच द्यावा, एवढे मी या निळ्या दाताकडून शिकलो.