श्रम आणि विश्रांती यांचा जमाखर्च

गतवर्षीच्या क्रीडामहोत्सवापूर्वी आम्हां धावपटूंचा एकच मंत्र होता : रोज कालच्यापेक्षा अधिक धावावयाचे! तीन आठवडे आम्ही एका दिवसाचाही खाडा केला नाही. आणि ऐन शर्यतीत पाय शिशासारखे जड झाले. श्रमांत कसूर नव्हती. मग चुकले कोठे?

चुकले ते हिशेबात. व्यायामाने स्नायू तत्क्षणी बळकट होत नाहीत. उलट ते थकतात. त्यांतील साखरेचा साठा खर्च होतो आणि तंतूंना सूक्ष्म इजा पोचते. ही झीज भरून येते ती आहाराने, विश्रांतीने व झोपेने. आणि भरून येताना शरीर पूर्वीपेक्षा किंचित् अधिक समर्थ होते. भरपाईपूर्वीच नवा भार घातला, तर कर्ज साचत जाते.

हा भार मोजावा कसा? स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी स्वतःस जाणवणारे श्रम अंकांत सांगण्याची पद्धत घालून दिली. तिच्याच आधारे अमेरिकेतील कार्ल फॉस्टर यांनी सोपा हिशेब सुचविला : श्रमांस ० ते १० पैकी गुण द्यावे व त्यांस मिनिटांनी गुणावे. ४० मिनिटांची धाव ७ गुणांची वाटली, तर भार २८०. ३० मिनिटांची सावकाश धाव ३ गुणांची, तर भार ९०. आठवड्याची बेरीज एकाएकी फुगू देऊ नये.

विश्रांतीची साक्ष नाडी देते. सकाळी अंथरुणातच ती मिनिटभर मोजावी. नेहमी ६२ ठोके देणारी नाडी दोन-तीन दिवस ७० वर राहिली, तर थकवा, अपुरी झोप किंवा आजार यांचा संशय घ्यावा. आजची मनगटी घड्याळे हिरव्या प्रकाशाच्या साहाय्याने हेच ठोके टिपतात व दोन ठोक्यांमधील अंतराचा सूक्ष्म चढउतारही अजमावतात. विसावलेल्या शरीरात हा चढउतार बहुधा अधिक असतो. तथापि घड्याळाचा आकडा हा अंदाज होय, निकाल नव्हे. आणि त्याची तुलना स्वतःच्याच नित्याच्या आकड्याशी करावी, मित्राच्या नव्हे.

यंदा आम्ही साध्या वहीत भार, नाडी व झोप असे तीन रकाने आखले आणि शर्यतीच्या आठवड्यात भार निम्म्यावर आणला. पहिला क्रमांक आम्हांस मिळाला नाही. परंतु अखेरच्या शंभर मीटरांत पायांनी आमची साथ सोडली नाही. विसावा म्हणजे आळस नव्हे, हे आम्हांस त्या वहीने शिकविले.