कलापथकाला अनुदान : कोठून आणि कसे?

आपल्या संस्थांच्या बैठकींत 'अनुदान' हा शब्द वारंवार उच्चारला जातो. कोणी म्हणतो, शासनाकडे पैसा पडून आहे, मागणारे पाहिजेत. दुसरा म्हणतो, वशिल्याशिवाय तिथे पानही हलत नाही. दोन्ही बोलणी बहुधा ऐकीव माहितीवरची असतात. नवे गाणे रचणाऱ्या तरुणाला, त्याला चाल लावणाऱ्या पेटीवाल्याला आणि या दोघांना व्यासपीठ देणाऱ्या लहान संस्थेला आज कोणकोणत्या मार्गांनी अर्थसाहाय्य मिळू शकते, याची माहिती सभासदांना व विद्यार्थ्यांना व्हावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कलेला आश्रय लागतो ही गोष्ट जुनीच आहे. आपल्या सोलापूरच्या शाहीर राम जोशींना दुसऱ्या बाजीरावाचा आश्रय होता. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या हाती गायनशाळा सुरू करून दिली. त्याच सयाजीरावांनी १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. ती देताना बडोदा संस्थानाची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार लिहून घेतला होता, हे आपण सर्व जाणतो. अनुदानाचा स्वभाव येथेच समजून घेतला पाहिजे. अनुदान म्हणजे देणगी नव्हे. तो करार असतो, त्याला अटी असतात, आणि पैसा कोठे खर्च झाला हे दाखवावे लागते.

आंबेडकरी जलशांना मात्र असा आश्रय नव्हता. भीमराव कर्डकांसारखे जलसाकार गावोगाव हिंडले ते लोकांच्या बळावर. नाशिक जिल्ह्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी हजारो गीते रचली आणि ती महाराष्ट्रभर फिरून गायिली. आपल्याच जिल्ह्यातील बार्शीचे शाहीर अमर शेख यांचा डफही लोकांच्या वर्गणीवरच वाजला. यातून एक फायदा झाला : कोणाला काय सुनवायचे हे ठरवायला शाहीर मोकळा राहिला. पण उतारवयात त्यातल्या अनेकांच्या हाती काय उरले, हे विचारायला आपण फारसे गेलो नाही. जयंतीच्या रात्री शाल-श्रीफळ देऊन आपले कर्तव्य संपले असे मानण्याची आपल्याला सवय आहे. शासनाचा पैसा घेतल्याने शाहिराची वाणी मऊ पडेल, अशी भीती काही मंडळी बोलून दाखवतात. ती अगदीच निराधार नाही. पण उपाशी शाहीर अधिक तेजस्वी असतो, हे म्हणणे ज्यांचे पोट भरलेले आहे त्यांनीच करावे काय?

आता प्रत्यक्ष योजनांकडे वळू. वयोमानाप्रमाणे पाहिले तर लक्षात ठेवणे सोपे जाईल. १० ते १४ वर्षांच्या मुलामुलींसाठी दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची शिष्यवृत्ती आहे. तिच्यात परंपरेने कला करीत आलेल्या घरांतील मुलांसाठी काही जागा वेगळ्या ठेवलेल्या असतात. ज्या घरात आजोबांपासून ढोलकी आहे, त्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. १८ ते २५ वयाच्या तरुण कलावंतांसाठी केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची दोन वर्षांची, दरमहा ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. शास्त्रीय संगीताबरोबर लोककला व सुगम शास्त्रीय संगीतही तिच्यात येते. मात्र गुरूकडे किमान पाच वर्षे शिक्षण झालेले असावे लागते. २५ ते ४० वयासाठी दरमहा १०,००० रुपयांची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती आणि ४० वर्षांवरील अभ्यासकांसाठी दरमहा २०,००० रुपयांची ज्येष्ठ अधिछात्रवृत्ती आहे. या दोन्हींसाठी अभ्यासाचा विषय मांडावा लागतो. सोलापूर जिल्ह्यातील जुन्या गायन पार्ट्यांच्या चाली गोळा करून त्यांची नोंद करणे, हाही असा विषय होऊ शकतो. हे काम करू शकणारे विद्यार्थी आपल्या वस्त्यांत आहेत. चाली ठाऊक असलेले वृद्ध मात्र दरवर्षी कमी होत आहेत.

वृद्ध कलावंतांसाठी राज्य शासनाचे मासिक मानधन आहे. आज ती योजना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने ओळखली जाते. २०२४ मध्ये वर्गवारी न ठेवता हे मानधन सरसकट दरमहा ५,००० रुपये करण्यात आले. वयाची व उत्पन्नाची अट असते, आणि कलेतील दीर्घ सेवेचा पुरावा लागतो. गाडी अडते ती येथेच. चाळीस वर्षे गाणाऱ्याकडे एकही हँडबिल, एकही कात्रण जपलेले नसते. ज्या मंडळांनी त्याला बोलावले, त्यांनी तारीख घालून लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या असत्या, तर तोच पुरावा झाला असता.

संस्थांसाठीच्या योजना थोड्या किचकट आहेत. सांस्कृतिक मंत्रालयाच्या गुरुशिष्य परंपरा योजनेत एक गुरू व ठरावीक शिष्य यांना मासिक साहाय्य मिळते. कार्यक्रम व नव्या निर्मितीसाठीही अनुदान आहे. त्याची मर्यादा सर्वसाधारणपणे ५ लाख रुपये असून, एकूण खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. तीही एकदम नाही. मंजूर रकमेचा पाऊण भाग आधी, उरलेला काम पूर्ण झाल्यावर. उदाहरण घेऊ. नव्या गीतांच्या कार्यक्रमाचे अंदाजपत्रक २ लाखांचे आहे. अनुदान फार तर दीड लाख. पहिला हप्ता १,१२,५०० रुपये. म्हणजे ८७,५०० रुपयांची सोय संस्थेने स्वतः करायची. त्यातले ३७,५०० पुढे हिशेब मान्य झाल्यावर मिळतील, ५०,००० आपलेच. तेव्हा अनुदान मिळाले म्हणून वर्गणीचे पावती पुस्तक कपाटात ठेवता येत नाही. पुढच्या हप्त्यासाठी चार्टर्ड अकाउंटंटच्या सहीचे विनियोग प्रमाणपत्र द्यावे लागते. दरांत व नियमांत बदल होतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात वाचूनच अर्ज करावा.

येथे आपल्यासारख्या संस्थांच्या दृष्टीने एक महत्त्वाची अट आहे. धार्मिक संस्था म्हणून चालणाऱ्या संस्थेला हे कार्यक्रम-अनुदान मिळत नाही. आपल्या घटनेतील उद्देशांत केवळ विहार व वंदना एवढेच लिहिलेले असेल, तर अर्ज पहिल्याच छाननीत बाजूला पडेल. कला व संस्कृतीचे कार्य उद्देशात स्पष्ट नमूद हवे. नाही तर कलापथकाची स्वतंत्र नोंदणी करावी. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली त्यासाठी किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद करावी लागते. केंद्राची बहुतेक अनुदाने नोंदणीला तीन वर्षे झालेल्या संस्थांनाच मिळतात. म्हणून जे आज नोंदणी करतील, त्यांनी तीन वर्षांनंतरचा विचार करावा.

त्या तीन वर्षांत काय करायचे? दरवर्षी लेखापरीक्षण. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. कित्येक संस्थांच्या शेड्यूल एकच्या उताऱ्यावर अजून दिवंगत विश्वस्तांचीच नावे आहेत, आणि भांडणे चालू आहेत ती जिवंत माणसांत! नीती आयोगाच्या दर्पण या ठिकाणी संस्थेची नोंद, संस्थेच्या नावाचे बँक खाते आणि पॅन. प्रत्येक कार्यक्रमाचे पत्रक, छायाचित्र व खर्चाच्या पावत्या एका फायलीत. वाणिज्य शाखेच्या एका विद्यार्थ्याकडे हे काम सोपवले, तर महिन्यातून दोन संध्याकाळी पुरतात.

शासनाबाहेरही मार्ग आहेत. बंगळूर येथील इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही १९९३ मध्ये स्थापन झालेली संस्था संशोधन व नव्या कलाकृतींसाठी अनुदान देते. तिथे अर्ज भारतीय भाषांतूनही करता येतो. इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहणाऱ्यांनी मराठीत अर्ज लिहावा.

शेवटी गीतकार-संगीतकारांच्या हक्काच्या पैशाविषयी. हे अनुदान नव्हे, कमाई आहे. कॅसेटच्या काळात गाणे एकरकमी लिहून देण्याची पद्धत होती आणि कवीला पुढे काही मिळत नसे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायदा बदलला. ध्वनिमुद्रित गाण्याच्या रॉयल्टीतील गीतकार व संगीतकाराचा वाटा करारानेही काढून घेता येत नाही. कवीच्या निधनानंतर ६० वर्षे हा अधिकार चालतो. वामनदादांच्या रचनांवर तो २०६४ अखेरपर्यंत राहील. ही रॉयल्टी गोळा करून सभासदांना वाटण्याचे काम मुंबईची इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी करते. गाणी प्रसिद्ध झालेल्या तरुणांनी तिचे सभासदत्व घ्यावे, आणि स्टुडिओत कोऱ्या कागदावर सही करू नये. गाणे सुचले त्या दिवशी वहीत तारीख घालावी. चाल दुसऱ्याची असेल, तर त्याचेही नाव त्याच पानावर लिहावे.