शेणातील स्फुरद नाल्याऐवजी शेताकडे वळविण्याचा मार्ग

नवी दिल्ली : राजधानीतील गोयला, काकरोला, नांगली सकरावती, गाझीपूर, भलस्वा आदी दुग्धवसाहतींतील शेण नाल्यांत वाहून जाण्याचा प्रश्न जुना आहे. या शेणाबरोबर स्फुरद, म्हणजेच फॉस्फरसही यमुनेकडे जाते. शेतात मुळांची वाढ करणारे हेच द्रव्य पाण्यात शेवाळ व जलपर्णी पोसते. त्या कुजल्या की पाण्यातील प्राणवायू घटतो. वझीराबाद ते ओखला हा सुमारे 22 किलोमीटरचा पट्टा आधीच सांडपाण्याने ग्रासलेला आहे.

ताज्या शेणातील स्फुरदाचा मोठा भाग पाण्यात सहज विरघळतो. खनिजे मिसळून ही विद्राव्यता कमी करता येते. जलशुद्धीकरणात वापरले जाणारे अॅल्युमिनियम सल्फेट स्फुरदाला घट्ट बांधून ठेवते. अमेरिकेत 1990च्या दशकापासून कोंबडीखतावर त्याचा प्रयोग झाला असून, त्यामुळे अमोनियाही कमी सुटतो. चोपण जमिनी सुधारण्यासाठी हरियाणात वापरले जाणारे जिप्सम कॅल्शियम पुरवून हेच काम काही प्रमाणात करते.

मात्र खनिजाची निवड जपून करावी लागते. बंदिस्त खड्ड्यातील पातळ शेणात किंवा बायोगॅस संयंत्रात जिप्सम मिसळल्यास हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होऊ शकतो. लोहक्षारांनी बांधलेले स्फुरद प्राणवायूविरहित गाळात पुन्हा मोकळे होऊ शकते.

कंपोस्टिंगमध्ये ढीग आटतो. त्यामुळे दर किलो खतातील एकूण स्फुरद वाढते. परंतु ते कॅल्शियम, मॅग्नेशियम व सेंद्रिय पदार्थांशी बांधले गेल्याने पक्व खतातील विद्राव्य हिस्सा साधारणतः घटतो. उघड्यावरील ढिगातून मात्र पावसाळ्यात निचरा होतो. म्हणून पक्की जमीन, छप्पर आणि निचऱ्याचे पाणी साठविण्याची सोय आवश्यक ठरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021च्या मार्गदर्शक सूचनांतही गोठ्यांतील शेणासाठी कंपोस्ट, गांडूळखत व बायोगॅस हे पर्याय दिले आहेत.

या उपायांनी स्फुरद नाहीसे होत नाही, केवळ त्याचे रूप बदलते. त्यामुळे खत अखेरीस शेतात पोहोचणे महत्त्वाचे आहे. दिल्लीत शेतजमीन मर्यादित असल्याने ते हरियाणा व उत्तर प्रदेशातील शेतांपर्यंत न्यावे लागेल आणि माती परीक्षणानुसारच वापरावे लागेल. सुकलेले, हलके कंपोस्ट वाहतुकीस सोयीचे असते. फॉस्फेट खडक व डीएपीसाठी मोठ्या प्रमाणावर आयातीवर अवलंबून असलेल्या देशात नाल्यात जाणारे स्फुरद हे शेतीचेही नुकसान आहे.