उलटी गणती आणि प्रेक्षागृह

इंदूर शहरात पत्ता सांगताना चित्रपटगृहांची नावे घेतल्यावाचून भागत नाही. रीगल, मधुमिलन, सपना-संगीता ही नावे तेथील चौकांना आणि रस्त्यांना कायमची चिकटली आहेत. चित्रपटावर एवढा लोभ असणाऱ्या नगरात प्रेक्षकांच्या वर्तनाचे निरीक्षण करावयाचे झाल्यास त्यासाठी अंतराळविषयक चित्रपटातील अग्निबाणाच्या उड्डाणासारखा प्रसंग नाही. गाणे चालू असता जो गृहस्थ उठून बाहेर फेरी मारून येतो, प्रेमप्रसंगात जो शेजाऱ्याशी बाजारभावाची चर्चा करतो, तोच ‘दहा, नऊ, आठ’ असे आकडे कानी पडताच स्तब्ध होतो. मुले खुर्चीच्या कडेवर सरकतात. शून्याचा उच्चार होतो, ज्वाळा भडकतात, कोठून तरी पहिली टाळी पडते आणि मग शिट्ट्यांनी सभागृह दुमदुमते.

नवल असे की, उड्डाण होणार हे सर्वांस ठाऊक असते. वर्तमानपत्रांतून ती वार्ता कितीतरी आधी छापून आलेली असते. मग ही उत्कंठा कशाची?

तिचे मूळ ज्वाळांत नसून आकड्यांच्या उलट्या क्रमात आहे. एक, दोन, तीन अशी चढती मोजणी कोठे संपणार हे ऐकणाऱ्यास कळत नाही. ती पन्नासावर थांबेल, शंभरावरही थांबेल. उतरत्या मोजणीचा शेवट मात्र प्रत्येकास ठाऊक असतो, आणि तो दर सेकंदाला जवळ येत असतो. लग्नमंडपात मुठीत अक्षता धरून उभे असलेले वऱ्हाड शेवटच्या ‘सावधान’कडे जसे कान लावून असते, तशीच ही अवस्था. तेथेही विवाह होणार की नाही याविषयी कोणाला शंका नसते. तरी हात उचललेलाच राहतो.

आता ही युक्ती कोणाची? शास्त्रज्ञांनी ती आपल्या सोयीसाठी काढली आणि चित्रपटवाल्यांनी ती उचलली, असेच कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात प्रवास उलट दिशेने झाला. १५ ऑक्टोबर १९२९ रोजी बर्लिन येथे फ्रिट्स लांग या दिग्दर्शकाचा ‘चंद्रावरील स्त्री’ या अर्थाच्या नावाचा जर्मन मूकपट प्रथम दाखविण्यात आला. अग्निबाणशास्त्राचे एक आद्य प्रवर्तक हेर्मान ओबेर्ट हे त्याचे सल्लागार होते. चित्रपट मुका असल्याने आकडे ऐकविण्याची सोय नव्हती. ते पडद्यावर लिहून दाखविले गेले. सहा, पाच, चार करीत शेवटी ‘आता!’ हा शब्द झळकला. चढती मोजणी केली तर स्फोट केव्हा होणार हे प्रेक्षकाला समजणार नाही, म्हणून आपण ती उलटी केली, असे लांग यांनी पुढे सांगितले. पडद्यावरील अग्निबाणापुढे ज्या उलट्या गणतीचा संस्कार प्रथम झाला, तीच पुढे प्रत्यक्ष तळांवर रूढ झाली.

या चित्रपटाची कथा-पटकथा थेआ फॉन हार्बू या लेखिकेची. ती त्या वेळी लांग यांची पत्नी होती. मराठी वाचकास कदाचित आश्चर्य वाटेल, परंतु लांग यांच्यापासून विभक्त झाल्यावर तिने विवाह केला तो बेळगावनजीकच्या बेळगुंदीहून शिक्षणासाठी जर्मनीत गेलेल्या आयी तेंडुलकर यांच्याशी. बर्लिनशी इंदूरचाही धागा त्याच सुमारास जुळला. यशवंतराव होळकर यांचा माणिकबाग राजवाडा १९३० नंतरच्या काही वर्षांत एकार्ट मुथेसियस या बर्लिनच्या वास्तुविशारदानेच रचला.

त्या चित्रपटाची पुढील हकिगत मात्र तितकीशी सुखद नाही. जर्मनीत नाझी राजवट आल्यावर, गुप्त अस्त्रांच्या कामाशी त्यातील दृश्यांचे अति साम्य आहे म्हणून तो प्रदर्शनातून काढून घेण्यात आला. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी पेनेमुंडे येथून व्ही-२ हा अग्निबाण प्रथमच यशस्वीपणे उडाला, तेव्हा त्याच्या अंगावर चंद्रकोरीवर बसलेल्या स्त्रीचे चित्र रंगविलेले होते. दोन वर्षांच्या आत तेच अस्त्र लंडनवर कोसळू लागले.

तळावरील गणती आणि पडद्यावरील गणती यांत आज काय भेद उरला आहे? पडद्यावर ती दहा सेकंदांची असते. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी दुपारी २ वाजून ३८ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून मंगळयान निघाले, त्याची गणती ५६ तास ३० मिनिटांची होती. इंधन भरणे, झडपा तपासणे, विद्युत्‌घट पारखणे अशी असंख्य कामे वेगवेगळ्या कक्षांतील माणसे करीत असतात. प्रत्येक काम मुहूर्ताच्या किती आधी संपले पाहिजे हे ठरलेले असते, म्हणून सर्वांची घड्याळे एका शून्याकडे मोजीत येतात. महत्त्वाची गोष्ट अशी की, ही गणती थांबविता येते. १५ जुलै २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ ची गणती ५६ मिनिटे २४ सेकंद उरली असता थांबविण्यात आली आणि उड्डाण २२ जुलैस झाले. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी गगनयानाच्या चाचणी-उड्डाणात तर केवळ ५ सेकंद उरले असताना संगणकाने गणती रोखली. दोष शोधून सकाळी १० वाजता तो अग्निबाण सोडण्यात आला. प्रेक्षागृहात पाचावर आकडे थांबले असते तर यंत्र बिघडले म्हणून आरडाओरडा झाला असता. तळावर मात्र असे थांबणे हे व्यवस्था जागी असल्याचे लक्षण होय.

दुसरा भेद ध्वनीचा. पडद्यावर ज्वाळा आणि गर्जना एकदमच येतात. श्रीहरिकोट्यास २०१९ मध्ये सामान्य जनांसाठी प्रेक्षक-सज्जा खुला झाला. तेथे दुरून पाहणाऱ्यास आधी मुकाट प्रकाश दिसतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो, तेव्हा ५ किलोमीटरवरील माणसाला गर्जना ऐकू येण्यास जवळजवळ १५ सेकंद लागावयाचे. तोपर्यंत अग्निबाण बराच वर गेलेला असतो. तो विलक्षण निःशब्द क्षण दिग्दर्शकांनी बहुधा वाया घालविला आहे.

परंतु सर्वांत मोठा भेद टाळीचा आहे. प्रेक्षागृह शून्याला टाळी देते. नियंत्रण-कक्षात यान अग्निबाणापासून सुटे झाल्यावर देतात. मंगळयानाच्या बाबतीत त्यासाठी सुमारे ४४ मिनिटे लागली. त्यातील काही काळ अग्निबाण कोणत्याही भूतळावरील केंद्राला दिसणार नव्हता, म्हणून ‘नालंदा’ व ‘यमुना’ ही दोन जहाजे दक्षिण प्रशांत महासागरात उभी करण्यात आली होती. वादळी हवामानामुळे ‘नालंदा’ला पोचण्यास उशीर झाला आणि २८ ऑक्टोबरचा मुहूर्त एक आठवडा पुढे ढकलावा लागला. चित्रपटात अशा जहाजाला कोण शिट्टी वाजविणार?

या मोहिमेवरील ‘मिशन मंगल’ १५ ऑगस्ट २०१९ रोजी प्रदर्शित झाला. त्या दिवशी स्वातंत्र्यदिनाबरोबर राखीपौर्णिमाही होती. घरेच्या घरे चित्रपटाला जाण्यास याहून सोयीचा दिवस नाही. या चित्रपटाचा एक गुण आवर्जून सांगितला पाहिजे. त्याच्या आरंभीच एक उड्डाण फसते. उड्डाणाला टाळ्या देण्यास सरसावलेले हात तेथे जागीच थबकतात, आणि शेवटच्या उड्डाणाला येणारा रंग या पहिल्या अपयशातून येतो. अपयश न पाहिलेल्या प्रेक्षकाची टाळी ही केवळ शोभेच्या दारूला दिलेली टाळी असते.

योगायोग असा की, त्याच्या आदल्याच दिवशी, १४ ऑगस्टच्या पहाटे, चांद्रयान-२ पृथ्वीभोवतालची कक्षा सोडून चंद्राच्या वाटेला लागले होते. चित्रपटगृहांत मंगळयानाचे कौतुक चालू असता खरे यान वाटेत होते. ७ सप्टेंबरच्या पहाटे त्याच्या विक्रम या अवतरकाशी असलेला संपर्क तुटला. त्या रात्री घरोघरी जागत बसलेल्यांत तीन आठवड्यांपूर्वी चित्रपटगृहात टाळ्या दिलेले लोकही असणारच.

चार वर्षांनी, २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ उतरले. इस्रोच्या वाहिनीवर एकाच वेळी सुमारे ८० लाख ठिकाणी ते पाहिले जात होते. या वेळी पडद्यावर ज्वाळा नव्हती, धूर नव्हता, गर्जनाही नव्हती. आलेखावरची एक रेषा हळूहळू खाली येत होती, आणि लोक श्वास रोखून त्या रेषेकडे पाहत होते.