घड्याळाचा पालट आणि कालनिर्णय
(चिंचवड येथील एका जन्मपत्रिकेच्या निमित्तानें)

चिंचवड येथील एका जुन्या घराण्यांतील कागदांचा एक रुमाल कांहीं दिवसांपूर्वीं आमच्याकडे पाहण्यासाठीं आला. त्यांत देवस्थानाशीं संबंध असलेलीं कांहीं मोडी पत्रें, हिशेबाचे बंद आणि सात-आठ जन्मपत्रिका होत्या. मोडी पत्रांत विशेष नवें कांहीं निघालें नाहीं. परंतु एका जन्मपत्रिकेनें आम्हांस अडविलें, व त्या अडचणींतूनच प्रस्तुत लेख निर्माण झाला आहे.

पत्रिका शके १८६५ च्या कार्तिक वद्य पक्षांतील आहे. इंग्रजी तारीख १५ नोव्हेंबर १९४३ दिली असून जन्मवेळ सकाळीं ७ वाजून ११ मिनिटें अशी आहे. वार मात्र रविवार घातला आहे, इष्टकाल ५८ घटी ४५ पळें धरला आहे, आणि लग्न तूळ मांडलें आहे. इंग्रजी पंचांगाप्रमाणें त्या तारखेस सोमवार येतो. चिंचवडास त्या सुमारास सूर्योदय सहा वाजून एकेचाळीस मिनिटांनीं होतो. तेव्हां जन्म सूर्योदयानंतर अर्ध्या तासानें, म्हणजे इष्टकाल १ घटी १५ पळें, वार सोमवार आणि लग्न वृश्चिक असें आम्हीं गणित केलें. व जोशीबुवांनीं वार, इष्टकाल आणि लग्न या तिन्ही ठिकाणीं चूक केली, असा शेरा पेन्सिलीनें समासांत लिहूनही टाकला.

हा शेरा आम्हांस पुढें खोडावा लागला. जोशीबुवांचें बरोबर होतें. चूक आमचीच होती. ती कशी हें सांगण्यापूर्वीं या प्रांतांत घड्याळ किती वेळां व कसें पालटलें याचा थोडक्यांत आढावा घेणें अवश्य आहे.

(१) घड्याळाचे पालट

इंग्रजी अमलाच्या आरंभीं प्रत्येक शहराचा काळ त्या शहराच्या मध्यान्हावरून ठरत असे. मुंबईचा काळ ग्रीनिचच्या पुढें ४ तास ५१ मिनिटें, मद्रासचा ५ तास २१ मिनिटें. चिंचवड, चाकण हा टापू सुमारें ७३ अंश ५० कला पूर्व रेखांशावर असल्यामुळें येथील स्वाभाविक काळ ४ तास ५५ मिनिटें येतो. म्हणजे मुंबईहून चार मिनिटें पुढें. १८५८ सालच्या जून महिन्यांत खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत लोहमार्ग सुरू झाला, तेव्हांपासून गाडीची वेळ व गांवची वेळ या दोन गोष्टी वेगळ्या होऊं लागल्या. पुढें रेल्वेनें मद्रासचा काळ धरला. १८८१ सालच्या अखेरीस मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनीं तोच काळ मुंबई शहरासही लावला. परंतु लोकांनीं तो मानला नाहीं. विश्वविद्यालयाच्या राजाबाई मनोऱ्यावरील घड्याळानें कोणता काळ दाखवावा यावरून मोठा वाद माजला, आणि १८८३ सालीं सरकारास माघार घ्यावी लागली.

१ जानेवारी १९०६ पासून साडेब्यांशी अंश रेखांशावरील, ग्रीनिचच्या साडेपांच तास पुढील काळ सर्व हिंदुस्थानासाठीं प्रमाण ठरला. मुंबईचें घड्याळ यामुळें एकोणचाळीस मिनिटें पुढें जात होतें. गिरणीकामगारांनीं त्याच महिन्यांत विरोध केला. मुंबई म्युनिसिपालिटीनेंही आपला जुना काळ सोडला नाहीं. मुंबईचा हा काळ एका ना एका स्वरूपांत १९५५ पर्यंत टिकून होता. म्हणून १९०६ नंतरच्या मराठी पत्रांत व रोजनिशींत वेळ आली तर ती ‘मुंबई टाइम’ कीं ‘स्टँडर्ड टाइम’ हें आधीं पाहिलें पाहिजे. दोहोंमधील अंतर पाऊण तासाच्या जवळपास आहे.

यानंतरचा पालट आमच्या प्रश्नाशीं साक्षात् संबद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धांत दिव्याची बचत व्हावी म्हणून १ सप्टेंबर १९४२ रोजीं प्रमाण घड्याळ आणखी एक तास पुढें सारण्यांत आलें. तें १५ ऑक्टोबर १९४५ रोजीं मागें घेण्यांत आलें. या तीन वर्षांत घड्याळ ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढें चालत होतें; म्हणजे चिंचवडच्या सूर्यापेक्षां एक तास पस्तीस मिनिटें पुढें.

आतां पत्रिकेचा उलगडा होतो. ७ वाजून ११ मिनिटें ही वेळ युद्धकालीन घड्याळाची. आजच्या घड्याळानें ती ६ वाजून ११ मिनिटें. सूर्योदय ६ वाजून ४१ मिनिटांनीं. म्हणजे जन्म सूर्योदयापूर्वीं अर्धा तास. आपला वार सूर्योदयापासून लागतो, त्यामुळें रविवार संपलेला नव्हता. साठ घटींतून सव्वा घटी वजा जातां ५८ घटी ४५ पळें उरतात. सूर्य तूळ राशीच्या शेवटीं होता, तो उगवण्यास अवकाश होता, म्हणून लग्न तूळच. जोशीबुवांनीं घड्याळावर विसंबून न राहतां घटी-पळांत इष्टकाल लिहून ठेवला, म्हणूनच ऐशी वर्षांनंतर त्यांच्या लेखनाची सत्यता सिद्ध करतां आली. नुसती ७ वाजून ११ मिनिटें एवढीच नोंद असती, तर आमचा पेन्सिलीचा शेराच पुढें प्रमाण ठरला असता!

(२) इतर नोंदींवर परिणाम

ही अडचण पत्रिकांपुरती नाहीं. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या अवधींतील प्रत्येक घड्याळी वेळ याच दृष्टीनें पाहावी लागते, आणि हा काळ तर आपल्या स्वातंत्र्याच्या चळवळीचा. सातारचें प्रतिसरकार, भूमिगतांच्या हालचाली, पोलिसांचे अहवाल, तुरुंगांतील रोजनिशा, सर्व याच कक्षेंत येतात. एकच उदाहरण देतों. कस्तुरबा गांधी यांचें निधन पुण्यास आगाखान महालांत २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं, महाशिवरात्रीस, सायंकाळीं ७ वाजून ३५ मिनिटांनीं झालें अशी नोंद आहे. आजचा वाचक ही वेळ वाचून रात्रीचा अंधार कल्पितो. परंतु ती वेळ तत्कालीन प्रमाण घड्याळाची धरल्यास आजचे ६ वाजून ३५ मिनिटें होतात, आणि त्या दिवशीं पुण्यास सूर्यास्त याच सुमारास होतो. तो क्षण रात्रीचा नसून अस्तमानाचा होता, असें म्हणावें लागतें.

(३) आपली जुनी रीत

येथें कोणी विचारील कीं, मग जुन्या काळीं असा पालट नव्हता काय? होता, आणि तो वर्षांतून दोनदां नव्हे, तर रोज होत असे. तांब्याचें सच्छिद्र घटिकापात्र पाण्यांत सोडीत, तें सूर्योदयीं. म्हणून घटिकांची मोजणी रोज सूर्याबरोबरच नव्यानें सुरू होई. घटिका चोवीस मिनिटांची, सर्व ऋतूंत सारखी. प्रहर मात्र दिनमानाचा चौथा भाग. तो उन्हाळ्यांत लांबे, हिंवाळ्यांत आखुडे. १६६० सालीं चाकणच्या संग्रामदुर्गांत फिरंगोजी नरसाळ्यानें शाइस्तेखानाविरुद्ध सुमारें पंचावन्न दिवस झुंज दिली. ते दिवस जून-ऑगस्टचे, म्हणजे लहान रात्रींचे. तेव्हां रात्रीच्या चौक्यांचे प्रहरही आखूड असणार. ‘पहारा’ हा शब्दच प्रहरापासून आलेला आहे.

दिनमान किती बदलतें हें काढण्याची रीत गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवांत (शके १४४२, सन १५२०) दिलेलीच आहे. विषुवदिनीं मध्यान्हीं बारा अंगुळे शंकूची छाया ती पलभा. आमच्या टापूंत ती सुमारें चार अंगुळे भरते. पलभेस अनुक्रमें १०, ८ व ३⅓ यांनीं गुणिलें असतां ४०, ३२ व १३⅓ पळें हीं चरखंडें येतात, बेरीज ८५⅓. ती दुप्पट करून तीस घटींत मिळविली म्हणजे सर्वांत मोठें दिनमान ३२ घटी ५१ पळें, व वजा केली म्हणजे सर्वांत लहान २७ घटी ९ पळें. घड्याळानें हें अनुक्रमें १३ तास ८ मिनिटें व १० तास ५२ मिनिटें होतें. आधुनिक गणितानें येणारें उत्तर यापासून एका-दोन मिनिटांपेक्षां दूर नाहीं. दृश्य उदयास्त धरल्यास दोहोंत सहा-सात मिनिटें वाढतात इतकेंच.

यावरून संशोधकांस एक सूचना मिळते. मोडी पत्रांत ‘चार घटका दिवसास’ असें आलें कीं सूर्योदय सहाचा धरून साडेसातची वेळ लिहिण्याची अनेकांस संवय असते. चिंचवडास २१ जूनच्या सुमारास आजच्या घड्याळानें सूर्योदय सहाला, २१ डिसेंबरच्या सुमारास सात वाजून तीन मिनिटांनीं. तेव्हां तीच चार घटका वेळ जूनमध्यें सात वाजून छत्तीस मिनिटें होईल, तर डिसेंबरमध्यें आठ वाजून एकोणचाळीस मिनिटें. ऋतु पाहिल्यावांचून घटकांचें घड्याळ करूं नये.

(४) घड्याळ पालटावें काय?

हाच हिशेब आजच्या प्रश्नासही लागू पडतो. वर्षांतून दोनदां घड्याळ मागेंपुढें करण्याची कल्पना विल्यम विलेट या इंग्रज गृहस्थानें १९०७ सालीं पत्रक काढून मांडली. १९१६ सालीं प्रथम जर्मनीनें व पाठोपाठ इंग्लंडनें ती अंमलांत आणली. लंडनास सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून अधिक व सर्वांत लहान आठ तासांच्या आंतबाहेर. जेथें आठ तासांहून अधिक फरक पडतो तेथें उन्हाळ्याच्या पहाटेचा प्रकाश संध्याकाळकडे नेण्यांत कांहीं अर्थ असेल. तरीही तेथील लोक या पालटास कंटाळले आहेत. युरोपच्या पार्लमेंटानें २०१९ सालीं तो बंद करण्याच्या बाजूनें मत दिलें, परंतु तें अद्याप अंमलांत आलेलें नाहीं.

आमच्याकडे सारा फरक सव्वादोन तासांचा. घड्याळ एक तास पुढें केलें तर जूनमध्यें सूर्य सातला उगवून सव्वाआठच्या सुमारास मावळेल. डिसेंबरमध्यें तें तसेंच ठेवल्यास सूर्योदय आठ वाजून तीन मिनिटांवर जाईल. पिंपरी, आकुर्डी, भोसरी, चाकण येथील कारखान्यांत सकाळच्या पाळीसाठीं घर सोडणाऱ्यांस ही सारी वाट काळोखांत चालावी लागेल. रात्रपाळी तर दिव्याखालींच चालते. तिला कोणताही काळ सारखाच. यंत्रें जेथें अहोरात्र फिरतात तेथें घड्याळ सारून दिव्याची बचत थोडीच साधणार.

पूर्वेकडील प्रांतांची तक्रार निराळी व खरी आहे. आसामांत सूर्य फार लौकर उगवतो, म्हणून तेथील चहाच्या मळ्यांनीं आपला काळ एक तास पुढें ठेवलेला आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या कलमांत प्रमाण काळाची व्याख्या देऊन, जेथें तो पाळला जात नाहीं तेथें स्थानिक काळ ठरविण्याची मुभाही ठेविली होती. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनीं २०१८ सालीं देशाचे दोन कालविभाग करावे असें सुचविलें. दुसऱ्या कांहींनीं सर्व देशाचें घड्याळ कायमचें अर्धा तास पुढें न्यावें असें म्हटलें आहे; त्यानें आमच्याकडील डिसेंबरचा सूर्योदय साडेसातच्या पलीकडे जाईल.

आमचें मत असें कीं, या प्रांतापुरती तरी वर्षांतून दोनदां पालटाची गरज नाहीं. ऋतूप्रमाणें सोय हवी असेल तर शाळेची किंवा पाळीची वेळ बदलावी. उन्हाळ्यांत सकाळची शाळा भरविण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. कामाची वेळ बदलल्यानें कागद खोटे पडत नाहींत. घड्याळच बदललें म्हणजे पुढील पिढीस प्रत्येक नोंद संशयानें पाहावी लागते, आणि वर्षांतून एका रात्रीं तर एकच तास दोनदां येतो. त्या तासांत जन्मलेल्या जुळ्यांपैकीं थोरला कोण, हें नुसत्या घड्याळावरून सांगतां येणार नाहीं.

संग्राहक बंधूंस विनंति एवढीच. १९०६ पासून १९५५ पर्यंतच्या कागदांचें वर्णन लिहितांना वेळ जशीच्या तशी उतरून घ्यावी, शेजारीं कोणता काळ तें नमूद करावें, आणि १९४२ ते १९४५ मधील नोंदीवर निराळी खूण करावी. घटी-पळें दिलीं असतील तर तीं निरुपयोगी समजून गाळूं नयेत. तीच खरी कसोटी आहे. चिंचवडच्या त्या पत्रिकेच्या समासांतील आमचा शेरा आम्हीं खोडला आहे, पुसलेला नाहीं. शेजारीं खोडण्याचें कारण व तारीख लिहून तो रुमाल मालकांकडे परत पाठविला आहे.